वाक्य विसरत नाही, परवाचंच वाक्य आज तोंडात येतं. काय करू?

रिकामी_पाटी
अकरा वर्षं नाटकात कामं केली. दोन महिन्यांपूर्वी पहिली डेली सोप मिळाली. धाकटीच्या संसारात नाक खुपसणारी थोरली बहीण करते आहे. नाटकात महिनाभर तालमी, पाठांतर कधी झालं ते कळतही नाही. इथे सीन मेकअपच्या खुर्चीत हातात पडतो. लायटिंग चालू असताना लेखकाचं नवीन पान येतं आणि घोकलेलं सगळं बाद. तेही मी निभावून नेते.

माझा घोटाळा वेगळाच आहे. मी ब्लँक होत नाही. वाक्य येतं, चांगलं ठणठणीत येतं, फक्त ते परवाच्या सीनमधलं असतं! काल ‘तू मला विचारायला हवं होतंस’ असं होतं. मी म्हटलं, ‘तू मला सांगायला हवं होतंस.’ समोरच्याचं उत्तर त्याला जुळेना. कट. पुन्हा तेच. सात टेक झाले. समोरच्या ज्येष्ठ नटांनी एकदाच घड्याळाकडे पाहिलं, बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

वय बेचाळीस. डोकं उतरणीला लागलं का? गोळ्या-काढे सुचवू नका, ते घरचे सुचवताहेतच.

जुना_एडी
ताई, नाव रिकामी पाटी घेतलंत, पण तुमची पाटी पुसलेलीच नाहीये. तोच घोळ आहे.

चौदा वर्षं सेटवर सहायक दिग्दर्शक, म्हणजे एडी होतो. नाटकातून आलेल्या बहुतेकांचं हे होतं आणि वयाशी त्याचा फार संबंध मी पाहिला नाही, पंचविशीतलेही अडकतात. नाटकात एकच संहिता असते. सोपमध्ये मधले भाग चुकलेल्या प्रेक्षकासाठी तीच तक्रार, तोच संशय, तोच टोमणा दर दोन दिवसांनी थोड्या वेगळ्या शब्दांत लिहिला जातो. सारखं दिसणारं सारख्यात मिसळतं. अंडरवुड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये जुने प्रयोग एकत्र मांडून दाखवलं होतं, की आधी बऱ्याच याद्या पाठ केलेली माणसं शेवटच्या यादीतला साधारण तीन चतुर्थांश भाग दिवसभरात विसरतात. पहिलीच यादी असेल तर साधारण एक चतुर्थांशच जातो. तुमच्या डोक्यात दोन महिन्यांच्या याद्या आहेत.

म्हणून नुसतं घोकू नका, घोकाल तेवढी खिचडी वाढेल. पेन्सिल घ्या आणि सीनच्या वर एकच गोष्ट लिहा: मागच्या वेळी हिला ठाऊक नव्हतं असं आज काय ठाऊक आहे? ‘सांगायला हवं होतंस’ म्हणणारी बाई अंधारात राहिली म्हणून दुखावलीय. ‘विचारायला हवं होतंस’ म्हणणारीला आपला मान गेल्याचं दुःख आहे. बाई वेगळी झाली की वाक्य आपोआप वेगळं होतं. हेल्गा आणि टोनी नॉइस या जोडप्याने नटांच्या पाठांतरावर पुष्कळ काम केलंय. नट शब्द घोटण्यापेक्षा ‘हे मी का बोलतोय’ हे शोधतात, आणि हालचाल करत बोललेली वाक्यं जास्त टिकतात, असं त्यांना दिसलं. तेव्हा ब्लॉकिंग, म्हणजे सीनमध्ये कुठून कुठे जायचं ते, आधी विचारून घ्या आणि चालत पाठ करा.

आणि सीन ओके झाला की कागद फाडून टाका. आमच्याकडे एक बाई नेमाने फाडायच्या.

क्लोजअप_नको
एवढा अभ्यास कशाला? एडीला मागून वाक्य द्यायला सांगा. आम्ही सगळे तेच करतो.

जुना_एडी
करा की, लाज कसली! नटाला वाक्यं समोर वाचायला देणारा टेलिप्रॉम्प्टरसुद्धा १९५० मध्ये पहिल्यांदा एका सोपच्याच सेटवर वापरला गेला, आणि कल्पना फ्रेड बार्टन या नटाची होती. पण हजारो वाक्यं मागून दिलेला माणूस म्हणून सांगतो, नट ऐकायला लागला की त्याचे डोळे थांबतात. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा सीन लांबून दिसतो त्या शॉटमध्ये, खपतं. क्लोजमध्ये बाई रागावलेली नाही, फोनवर पत्ता लिहून घेतेय असं वाटतं. लांबलचक भाषण असेल तर घ्या, टोमण्याला नको.

रिकामी_पाटी
आठ दिवसांनी लिहिते आहे. पेन्सिलीचं जमतंय. शुक्रवारी चौदा पानं होती, दोनदाच अडखळले, आणि दोन्ही वेळा वाक्य आजच्याच सीनमधलं होतं, फक्त दोन ओळी पुढचं. हा नवा आजार चालेल मला.

कागद फाडण्याबद्दल मात्र दादा, तुमच्यावर राग आहे. मोठ्या उत्साहाने तुकडे केले, आणि दहा मिनिटांत दिग्दर्शक म्हणाले, क्लोजमध्ये सावली आली होती, पुन्हा घेऊ. मग त्याच ज्येष्ठ नटांनी स्वतःचे कागद पुढे केले. त्यांच्या समासात माझी सगळी वाक्यं लाल पेनाने अधोरेखित केलेली होती.

आता पॅकअपनंतर फाडते.