मदत हवी आहे: घाटाखालच्या गावाचा पाऊस किती धरायचा?

वाडीकर:
जरा घाईत आहे, गवंडी सोमवारी येतोय. पागोळीचं पाणी साठवायला टाकी बांधायची आहे. पाऊस किती मिमी धरू? नेटवर जिल्ह्याचा आकडा तीन हजारांच्या वर दिसतो, पण माझ्या बादलीत एकट्या जुलैतच त्याहून जास्त भरला. डोंगर जितका उंच तितका पाऊस जास्त, असं शाळेत शिकलोय. तर उंचीवरून काढायचं काही सूत्र आहे का? 'पंचायतीत विचारा' असले सल्ले कृपया नकोत, विचारून झालंय.

करवंद:
गाव कुठलं? छप्पर केवढं? घरात माणसं किती?

वाडीकर:
साखरप्याच्या पुढे, आंबा घाटाचा पायथा. बाकीचं कशाला हवंय? आकडा सांगा फक्त.

घाटवेडा:
सूत्र नाही. नैऋत्येचा ओला वारा सह्याद्रीवर आपटून वर चढतो, चढताना थंड होतो आणि ढग तिथेच रिकामे होतात. मुद्दा चढाचा आहे, माथा किती उंच याचा नाही. आंबोली जेमतेम 700 मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. तरी वर्षाला सात हजार मिमीच्या घरात जाते ती आंबोली.

माजी मास्तर:
असहमत. उंची नसेल तर वारा चढेल कशावर? भूगोल शिकवण्यात हयात गेली माझी.

घाटवेडा:
सर, मग पाचगणीचं काय? महाबळेश्वरपेक्षा फार तर शंभरेक मीटरनी खाली, पण पाऊस तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

माजी मास्तर:
तो पर्जन्यछायेचा प्रदेश. तो धडा वेगळा.

झिलगो:
आमच्या आंबोलीक येवन बगा. आठ आठ दीस कपडे सुकनत नाय, गाद्येक बुरशी येता. मिमी कसले मोजतास!

सुमी:
आंबोलीचा विषय निघालाच आहे तर, ऑगस्टमध्ये चौघांसाठी घरगुती राहायची सोय कुणाला माहीत आहे का? मासे मिळाले तर उत्तम.

पाणीवाला:
टाकी फेरोसिमेंटचीच करा. आमची बारा वर्षांत थेंबभर गळली नाही. विटांची केलीत तर रडाल.

वाडीकर:
टाकी कशाची हे विचारलेलंच नाही!! पाऊस किती?

करवंद:
तुमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा घ्या. जिल्ह्याच्या सरासरीत किनारा आणि घाट एकत्र कालवलेले असतात, पायथ्याला त्याहून जास्तच पडणार. पण एका जुलैत तीन हजारांच्या वर? बादली वर रुंद, खाली निमुळती आहे ना? तोंड 30 सेंमी, बूड 20, उंची 30 असेल तर ती काठोकाठ भरल्यावर पाऊस 210 मिमीच झालेला असतो, 300 नाही. पट्टी बुडवू नका. पाणी लिटरने मोजा, या तोंडाला लिटरमागे 14 मिमी धरा. आणि बादली ठेवली होती कुठे?

आणखी एक. आकडा तीन हजार असो की पाच, टाकीला फरक पडत नाही. 80 चौरस मीटर छप्पर धरलं आणि वीस टक्के वाया गेलं म्हटलं, तरी 30 हजार लिटरची टाकी भरायला 470 मिमी पुरतात. तेवढा तुमच्याकडे जूनमध्येच पडून जातो. प्रश्न फेब्रुवारी ते मे. पाच माणसं, पिण्या-स्वयंपाकाला माणशी 20 लिटर, 120 दिवस म्हणजे 12 हजार लिटर. म्हणून विचारत होतो माणसं किती.

माजी मास्तर:
हिशोब बरोबर आहे. उंचीबद्दलचं मत कायम.

वाडीकर:
घरात आम्ही तिघं. बादलीचं आत्ता बायकोला विचारलं. अंगणात चिखल उडतो म्हणून तिने ती पहिल्याच दिवशी पत्र्याच्या कडेखाली सरकवली होती, भांड्यांना पाणी होतं म्हणे. मी गवंड्याला 50 हजार लिटर सांगून बसलोय आणि खड्डा खणून झालाय.

पाणीवाला:
खड्डा केवढा? फेरोसिमेंट अजून बसेल त्यात.

सुमी:
आंबोलीचं कुणी सांगेल का?