अंबाझरीच्या पाळीवरची झाडे धरणाला खरोखरच घातक आहेत का?

प्रश्न – सकाळचा फिरस्ता

नमस्कार. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीवर नित्यनेमाने फिरायला जाणाऱ्यांपैकी मी एक आहे. १८७० च्या सुमारास शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या या मातीच्या धरणातून आता शहराला पिण्याचे पाणी जात नाही. आम्हा नागपूरकरांच्या लेखी तो फिरण्याचा, संध्याकाळी पोराबाळांना घेऊन जाण्याचा तलाव उरला आहे. पाळीच्या शहराकडील उतारावर वर्षानुवर्षे आपोआप वाढलेली दाट झाडी आहे आणि तिच्यामुळेच तिथे फिरणे सुखाचे होते. पाळीच्या मजबुतीकरणाचा विषय निघाला की ही झाडे काढावीत असा सल्ला जाणकार देतात आणि पर्यावरणप्रेमी त्याला विरोध करतात.

डोंगरउतारावर मुळे माती धरून ठेवतात, हे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. मग धरणाच्या उतारावर तीच मुळे घातक कशी ठरतात? शिवाय २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे जो पूर आला, त्या वेळी पाळ फुटली नव्हती, पाणी ओव्हरफ्लोवरून गेले होते. दीडशे वर्षे टिकलेल्या पाळीला झाडांचा धोका आहे असे म्हणणे अतिरंजित नाही का? कृपया धरणांच्या कामाचा अनुभव असलेल्यांनी सांगावे.

उत्तर १ – निवृत्त अभियंता, पाटबंधारे

आपला प्रश्न रास्त आहे. डोंगराची तुलना मात्र इथे लागू पडत नाही, कारण डोंगराच्या एका अंगाला पाणी तुंबवून ठेवलेले नसते. मातीच्या धरणातून थोडे पाणी सतत पाझरत असतेच. ते थांबवता येत नाही, ते संथ राहील आणि येताना माती घेऊन येणार नाही एवढेच पाहता येते. म्हणून भरावाच्या पोटात चिकणमातीचा गाभा, त्याच्या बाहेर मुरमाचा थर, तलावाच्या अंगाला लाटांपासून बचावासाठी दगडी पिचिंग (उतारावर बसवलेले दगडांचे अस्तर) आणि पायथ्याला निचऱ्याची सोय, अशी नव्या धरणांची रचना असते. एकोणिसाव्या शतकातील पाळींमध्ये वाळूच्या गाळण्या (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे थर) आजच्या पद्धतीने घातलेल्या नसतात, त्यामुळे तिथे पाझराकडे अधिकच लक्ष द्यावे लागते.

झाड जिवंत असेपर्यंत त्याची मुळे ओलाव्याच्या शोधात भरावात शिरतात, पायथ्याच्या निचऱ्यात घुसून तो तुंबवतात. खरा धोका झाड मेल्यावर सुरू होतो. मनगटाएवढे मूळ कुजले की तिथे तेवढ्याच व्यासाची पोकळी राहते. अशा पोकळ्या एकमेकींना मिळाल्या आणि त्यांतून पाणी वाहू लागले, की ते आपल्याबरोबर माती ओढून आणते, वाट रुंदावत जाते आणि बाहेरून काही दिसण्याआधीच भराव आतून पोखरला जातो. मोठे झाड वादळात उन्मळले तर मुळांच्या गड्ड्याबरोबर कित्येक घनमीटर माती उपटली जाते, तीही नेमकी मुसळधार पावसात, तलाव भरलेला असताना.

आणखी एक गोष्ट फिरायला येणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. दाट सावलीखाली गवत उगवत नाही. मातीच्या उताराला हरळीसारख्या गवतासारखे दुसरे संरक्षण नाही, आणि सावलीतली उघडी माती पावसाने घळी पडून वाहून जाते. झुडपांमुळे तपासणीही होत नाही. उतारावर कुठे ओल आहे, घुशींनी किंवा खेकड्यांनी बिळे केली आहेत का, हे पालापाचोळ्याखाली कसे दिसणार? चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, तेव्हा तत्कालीन मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला आणि महाराष्ट्रभर त्याची चेष्टा झाली. बिळे घातक असतात हे खरेच आहे, पण गळतीची तक्रार गावकरी आधीपासून करत होते, आणि गळती वेळेत पाहून तिचा बंदोबस्त करणे हे काही खेकड्यांचे काम नव्हे.

राहता राहिला दीडशे वर्षांचा मुद्दा. पाळ बांधली तेव्हा तिच्यावर झाडे नव्हती, त्यामुळे झाडांचे वय पाळीच्या वयाएवढे धरता येत नाही. ती मोठी होऊन मरू लागण्याचा काळ आता येत आहे.

उत्तर २ – नाग नदीकाठचा रहिवासी

मी तलावाच्या खालच्या अंगाला राहतो. त्या रात्री काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले तेव्हा घरातली माणसे झोपेत होती, आणि कोणत्याही यंत्रणेकडून आम्हाला पूर्वसूचना मिळाली नव्हती. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून थेट सीताबर्डीपर्यंत हाहाकार झाला आणि जीवितहानीही झाली. म्हणून झाडांइतकीच चर्चा सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेची (वर म्हटलेल्या ओव्हरफ्लोची) व्हावी, असे माझे मत आहे. सांडव्यासमोर उभारलेल्या स्वामी विवेकानंद स्मारकाच्या जागेचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. पुढे नाग नदीचे पात्रही ठिकठिकाणी आक्रसले आहे. तलावाच्या काठी शोभा वाढवणारी प्रत्येक गोष्ट पाण्याच्या वाटेत आणून ठेवायची आणि मग पावसाला दोष द्यायचा, हे कुठवर चालणार?

उत्तर ३ – निवृत्त अभियंता, पाटबंधारे

आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाशी जोडलेले आहे. दगडी धरणावरून थोडा वेळ पाणी गेले तर ते बहुधा तग धरते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून गेले तर ते काही तासांत वाहून जाऊ शकते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतला हेच झाले. अपुऱ्या राहिलेल्या विमोचकाच्या (धरणातून पाणी बाहेर सोडण्याच्या सोयीच्या) नळावरचा भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा उंच केला, तरी सकाळी पाणी वरून गेले आणि धरण गेले. पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुणे बुडाले. म्हणून सांडव्यातून पाणी बिनअडथळा जाणे हा मातीच्या धरणाच्या जिवाचा प्रश्न असतो.

पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी वापरला जाणारा तलाव उन्हाळ्यात रिता होतो आणि पावसाळ्यात त्यात पूर सामावायला जागा असते. केवळ विरंगुळ्यासाठी राखलेला तलाव मात्र भरलेलाच शोभून दिसतो, आणि सांडव्याला दरवाजे नसतील तर सप्टेंबरपर्यंत तो काठोकाठ भरलेला असतो. त्यानंतरच्या मोठ्या पावसातले जवळजवळ सगळे पाणी तसेच पुढे जाते.

प्रश्नकर्ता – सकाळचा फिरस्ता

आभारी आहे. मग सगळी झाडे एकदम तोडून टाकावीत का? नुसते बुंधे कापले तर चालतील का?

उत्तर ४ – निवृत्त अभियंता, पाटबंधारे

नुसते बुंधे कापणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण मुळे आतच कुजतात. रोपटी आणि झुडपे तातडीने काढावीत, म्हणजे उद्याचा प्रश्न तरी वाढत नाही. मोठ्या झाडांची एकेक करून पाहणी व्हावी, आणि जी काढायची ती तलावाची पातळी खाली असताना, उन्हाळ्यात, मुळांसकट काढून तो खड्डा तशाच मातीच्या पातळ थरांनी दाबून भरावा. खालच्या अंगाला मोठा खड्डा झाला असेल तर आधी वाळूची गाळणी द्यावी. हे काम घाईने किंवा पावसाळ्याच्या तोंडावर उरकले तर झाड राहू दिलेले बरे. पायथ्यापासून काही मीटर दूर, सपाट जमिनीवर तेवढीच झाडे लावता येतील आणि सावलीही मिळेल.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ च्या कक्षेतील धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करून घेणे मालकावर बंधनकारक आहे. तो अहवाल नागरिकांनी मागावा. आपण तिथे दररोज जात असल्याने आणखी एक करू शकता. पायथ्याशी ओल दिसली, तर तिचे पाणी नितळ आहे की गढूळ ते पाहा. नितळ पाझर तारीख घालून टिपून ठेवावा आणि तो वाढतो आहे का यावर नजर ठेवावी. गढूळ दिसला तर त्याच दिवशी कळवावे.