जुनी ऐरण हाती आली आहे: ओळख कशी पटवायची, दुरुस्ती किती करायची?

नवी_भट्टी
नमस्कार मंडळी. एक जुनी ऐरण मिळाली आहे. काट्यावर ६० किलो भरली. अंगावर रंगाचे दोन-तीन थर, खाली तांबेरा. एका कुशीवर ‘राइट’ एवढं वाचता येतं, त्याखाली गोलात पुसट अक्षरं आहेत आणि कमरेपाशी १, ०, २१ असे तीन आकडे सुटे सुटे ठोकलेत. शिंग शाबूत आहे. माथा मधोमध सुमारे २ मिमी बसलाय आणि एका कडेचे १० सेंमी लांबीत टवके उडालेत.

माथा किती कडक आहे ते पाहायला २५ मिमीची बेअरिंगची गोळी २५ सेंमीवरून सोडली, तर मधे १९ सेंमी उसळते, शेपटीकडे (शिंगाच्या विरुद्ध टोकाला) १४. पण टवके उडालेल्या कडेजवळ एका जागी जेमतेम ८, आणि तिथे आवाजही बद्द येतो. मिलिंग मशीनवर माथा सपाट करून कडा वेल्डिंगने भरून घ्या, असा सल्ला मिळालाय. करू का?

घणकरी
मिलिंग अजिबात करू नका. कारण पुढे सांगतो, आधी ओळख.

तीन आकडे म्हणजे इंग्लिश हंड्रेडवेटची मांडणी. पहिल्याला ११२ ने गुणायचं, दुसऱ्याला २८ ने, तिसरा आकडा सरळ पौंडात. तुमचे ११२ + ० + २१ = १३३ पौंड, म्हणजे साधारण ६०.३ किलो. काटा ६० दाखवतोय, हिशेब जुळला. मधला आकडा कधीच ३ च्या वर नसतो आणि शेवटचा २७ च्या वर नसतो. तसं दिसलं तर वाचनात चूक आहे किंवा वजन नुसत्या पौंडात आहे.

‘राइट’ आणि गोलातली अक्षरं पाहता ती इंग्लंडमधल्या डडलीची पीटर राइट असावी. गोलात ‘सॉलिड रॉट’ (म्हणजे अखंड घडीव) लिहिलेलं असतं. खात्रीसाठी पाय बघा: पुढच्या-मागच्या पायांवर अरुंद सपाट ओटा असतो, ही त्यांची खूण. अक्षरं वाचायला कुशीवर ग्राइंडर चालवू नका. रंग काढा, कोरडा खडू घासून वरचा पुसा आणि अंधारात टॉर्च अगदी आडवा धरा. खोलगट अक्षरांत पांढरं राहतं.

कमरेला आणि बुडाला चौकोनी भोकं असली तर ती घडणीच्या वेळी धरायची भोकं, म्हणजे अंग घडीव लोखंडाचं. अक्षरं उठावदार असतील तर समजा ऐरण ओतीव. (फिशरच्या ऐरणी बिडाच्या अंगावर पोलादी माथा असलेल्या. त्या शाबूत असूनही खणखणत नाहीत, तेव्हा नुसत्या आवाजावरून निकाल देऊ नये.)

आता मिलिंग. घडीव अंगावर पोलादाची पाटी भट्टीत जोडलेली असते, नवी असताना साधारण १२ मिमी. पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, फक्त त्या पाटीला असतं. मधला २ मिमी खळगा घालवायला बाकी सगळीकडून २ मिमी पोलाद जाणार. त्यात बूड आणि माथा क्वचितच समांतर असतात. बुडावर टेकवून कापलं की एका टोकाला ४ मिमीसुद्धा जातं. २ मिमीचा खळगा कामाला आड येत नाही, उलट वाकडी सळई सरळ करताना उपयोगीच पडतो.

सांडशी
साफसफाईबद्दल. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. रंग काढायचं जेल लावून ओलाच खरवडा. तांबेऱ्याला हाताचा तारेचा ब्रश आणि रॉकेल पुरतं. माथ्यावर ग्राइंडरची चकती एका जागी रेंगाळली आणि निळा रंग आला, तर ती जागा ३०० अंशांजवळ गेली; तिथलं पाणी उतरलं, परत चढत नाही.

गंज फारच खोल असेल तर विजेची पद्धत: १ लिटर पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, ऋण टोक ऐरणीला, धन टोक टाकाऊ साध्या लोखंडाला. स्टेनलेस स्टील धन टोकाला कधीच नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि चिमटे हलवण्याआधी चार्जर बंद करा.

शेवटी ऐरण हाताला कोमट लागेल इतकी तापवून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात.

भाता
शेपटीला १४ येणं साहजिक आहे. तिच्याखाली आधार नसतो आणि माथ्यावरची अवजारांची भोकंही तिथेच. काळजी आहे ती ८ च्या जागेची. तिथला तांबेरा काढून गोळी पुन्हा सोडा, कारण खपलीवर गोळी मरते. तरीही ८ च आली तर कडेच्या बाजूने पाटीच्या सांध्यावर रॉकेल लावा, दहा मिनिटांनी पुसून कोरडं करा, खडूची पूड भुरभुरवा आणि हातोडीने हलके ठोका. पाटी सुटलेली असेल तर पुडीवर ओली रेघ उमटते.

उडालेल्या कडेवर वेल्डिंग करायचं नाही, कानशीने ती गोल करायची. ३ ते ६ मिमीची गोलाई द्या. धारदार कड तापलेल्या लोखंडात चर पाडते आणि पुढे तिथूनच तडा जातो, म्हणून गोल कड हवीच असते. काटकोन लागेल तेव्हा समोरची शाबूत कड आहेच.

थंड ऐरणीवर वेल्डिंग केलं की ६० किलोंचं धूड उष्णता क्षणात ओढून घेतं. टाक्याखालचा पोलादाचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो आणि घणाखाली सुटून डोळ्यांकडे उडतो. करायचंच असेल तर ऐरण आधी सुमारे २०० अंशांपर्यंत आतून-बाहेरून तापवून, वाळवलेल्या लो-हायड्रोजन रॉडने, आणि नंतर राखेत पुरून सावकाश गार करायचं.

नवी_भट्टी
पायांवर ओटा आहे, गोलात ‘सॉलिड’ही वाचलं. त्या जागी आता गोळी १५ वर गेली आणि पुडीवर रेघ आली नाही. शिंग आणि माथ्यामधल्या पायरीवर मात्र छिन्नीचे वार आहेत. तेही कानशीने काढू?

भाता
मग पाटी धरून आहे, खपलीच होती. पायरी मुद्दाम मऊ ठेवलेली असते, छिन्नीने तोडायचं ते तिथेच. वर आलेल्या कुसळांवर फक्त कानस फिरवा, वार राहू द्या. ऐरणीखालचा लाकडी ठोकळा उभ्या रेषांचा घ्या आणि उंची अशी, की सरळ उभं राहून मूठ खाली सोडली की बोटांच्या गाठी माथ्याला टेकतील.