अनुभव धागा: घरच्या लेथसाठी बनवलेल्या वस्तू आणि बोअरिंग टूलची निवड

सातपूर, अंबड, सिन्नरच्या एमआयडीसीमुळे नाशिकच्या कितीतरी घरात टर्नर नाहीतर फिटर असतोच, आणि आता बऱ्याच जणांनी पार्किंगच्या कोपऱ्यात नाहीतर बंगल्यामागच्या शेडमध्ये सिंगल फेजवर चालणारा छोटा लेथ (जॉब म्हणजे कापायची वस्तू फिरवून टूलने कापायचं मशीन) बसवलाय. पण मशीन आलं की खरा खर्च तिथून सुरू होतो, स्टेडी (लांब जॉबला मधे आधार देणारी चौकट), बॅकप्लेट (जॉब धरणारं चक फिरत्या स्पिंडलवर बसवायची चकती), टूल होल्डर, बोअरिंग बार (भोक आतून मोठं करायच्या टूलचा दांडा). तर कुणी काय घरीच बनवलं आणि बोअरिंगला कोणतं टूल वापरता ते सविस्तर लिहा, नव्या लोकांना फार उपयोग होईल.

सुरुवात मीच करतो. मला सगळ्यात जास्त कामाला आलेली वस्तू म्हणजे बोअरिंग बारचा होल्डर. ईएन८ (मध्यम कार्बन स्टील) चा चौकोनी ठोकळा टूलपोस्टच्या, म्हणजे टूल धरायच्या खांबाच्या, जागी घट्ट बांधला, ड्रिल हेडस्टॉकच्या (स्पिंडलच्या बाजूच्या) चकमध्ये धरलं आणि कॅरेज (टूल पुढे-मागे नेणारा भाग) ढकलत ठोकळ्याला भोक पाडलं, मग तसंच १६ मिमीचं रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) घातलं. भोक आपोआप स्पिंडलच्या सेंटरवरच येतं, उंची मोजायची आणि पॅकिंगच्या पट्ट्या शोधायची भानगडच नाही. नंतर एका बाजूने हॅक्सॉने चीर पाडली, दोन ॲलन बोल्ट लावले, झालं. १० आणि १२ च्या बारसाठी चिरलेल्या बुश वेगळ्या बनवल्यात. बार पूर्ण लांबीभर आवळला जातो, टूलपोस्टच्या दोन स्क्रूखाली धरण्यात आणि यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

सिडकोहून

दादा होल्डर एक नंबर. मी फक्त बारच्या जाडीबद्दल बोलतो कारण नवीन माणूस तिथेच अडकतो. भोकात जाईल तेवढा जाडच बार घ्यायचा, चिप निघायला जागा राहिली की बास. वाकणं व्यासाच्या चौथ्या घातात कमी होतं, म्हणजे १० ऐवजी १२ चा बार लावला तर तो दुपटीने कडक. आणि बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर वाकणं आठपट! स्टीलच्या बारला व्यासाच्या चौपटीपर्यंत बाहेर काढा, त्यापुढे चॅटरिंग (टूल थरथरून खुणा पडणं) सुरू होतंच, खोलच जायचं असेल तर कार्बाइड शँकचा बार, तो सहापटीपर्यंत चालतो पण महाग आहे आणि पडला तर तुटतो.

पंचवटीहून

इन्सर्ट (बदलता येणारी तयार कार्बाइड धार) की एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं टूल) यावर माझं स्पष्ट मत आहे, हलक्या लेथवर बारीक बोअरला हाताने घासलेलं एचएसएसच बरं. इन्सर्टची धार थोडी बोथट असते, तिला दाब लागतो, छोट्या मशीनला तो दाब पेलत नाही आणि बार जॉबपासून लांब सरकतो, मग डायलवर कट दिलेला दिसतो पण व्हर्निअर काही वेगळंच सांगतं. वडील टर्नर होते, ते टूल घासताना खालची बाजू दोन उतारात घासायचे, कारण गोल भोकात टूलची टाच घासते, टोक नाही. शेवटी त्याच सेटिंगवर कट न वाढवता एकदा परत फिरवायचं, बारमधली उरलेली लवचिकता निघून जाते.

इंदिरानगरहून

काका एचएसएस मान्य, पण ज्यांना ग्राइंडर जमत नाही त्यांनी काय करायचं? मी ॲल्युमिनियमची कामं जास्त करते, एस१०के-एससीएलसीआर०६ बार आणि त्यात सीसीजीटी इन्सर्ट. सीसीएमटी नाही, सीसीजीटी! ती ग्राइंड केलेली, धारदार असते, छोट्या लेथलाही झेपते. कोडचा अर्थ दुकानात जायच्या आधी समजून घ्या, एस म्हणजे स्टीलचा बार, १० व्यास, के म्हणजे १२५ मिमी लांबी. आणि नोज रेडियस, म्हणजे टोकाची गोलाई, ०.२ चा मागा, ०.८ चा घेऊन बारीक कट मारला की सगळा जोर आडवा येतो आणि बोअर किंचाळायला लागतो.

नाशिक रोडहून

मी चकची बॅकप्लेट बनवली, बीडाच्या (कास्ट आयर्न) कास्टिंगमधून. ज्यांच्या लेथला आट्याचा स्पिंडल आहे त्यांनी आधी स्पिंडलच्या नाकाची हुबेहूब नक्कल, म्हणजे एक डमी, टर्न करून ठेवा. कारण बॅकप्लेटला आतून आटे पाडताना ती फोर जॉ (चार जबड्यांच्या) चकमध्ये धरलेली असते, चक स्पिंडलवरच चढलेलं, मग फिटिंग तपासणार कशावर? डमी फिरवून बघायची. ती घट्ट न बसता, न हलता गेली की प्लेट स्पिंडलवर चढवून चकची बसायची खाच तिथेच टर्न करायची, रनआउट (फिरताना होणारी डगमग) फारच कमी येतो. पहिला कट बीडाच्या सालीच्या खाली जाईल इतका खोल द्या, वरची साल वाळू धरलेली असते, टूलची धार लगेच मारते. बेडवर कागद अंथरा, बीडाची पूड बेड खाते.

ओझरहून

सगळ्यांनी होल्डरवर लिहिलंय, पण मॉडेल इंजिनचं सिलिंडर बोअर करायला मला वेगळाच प्रकार आवडतो. कंपाउंड (टूलपोस्टखालची वरची छोटी स्लाइड) काढून सिलिंडर क्रॉस स्लाइडवर (कॅरेजवरची आडवी स्लाइड) बांधायचं, आणि बार लेथच्या दोन सेंटरच्या (दोन्ही टोकांच्या आधाराच्या) मध्ये, मधोमध एचएसएसचा छोटा बिट ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) आवळलेला. बार फिरतो, जॉब पुढे सरकतो. दोन्हीकडून आधार असल्याने बार एका टोकाला लोंबकळत नाही आणि बोअरला टेपर येत नाही, कारण बिट एकाच जागी फिरतोय. कट वाढवायला जरा कटकट आहे, बिटच्या मागे बारीक स्क्रू बसवला तर सोपं जातं, डायल लावून बिट किती बाहेर आला ते बघायचं. बार ईएन२४ (मजबूत अलॉय स्टील) चा घेतलाय. आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकाला मात्र हा प्रकार चालत नाही, तिथे पहिल्या पोस्टमधला होल्डरच, आणि टूलचं टोक सेंटरच्या केसभर वर ठेवा, जोराने खाली दबलं तरी आत घुसत नाही.