मेळघाटातून वेचणीला आलेल्या कुटुंबांचं रेशन, शाळा आणि अंगणवाडी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दर्यापूर तालुक्यात आमचं कोरडवाहू वावर आहे. कपाशी, मधे तुरीच्या ओळी, आणि थोडा हरभरा. दिवाळी झाली की मेळघाटातल्या धारणीकडची कोरकू आदिवासी कुटुंबं मुकडदमासोबत वेचणीला येतात, हरभरा सोंगून होळीला गावी परततात. होळी त्यांचा सर्वात मोठा सण, त्यासाठी कितीही मजुरी दिली तरी ते थांबत नाहीत, आणि थांबूही नये.

गावातल्या बाया वेचायला येतातच, पण सगळ्यांची बोंडं एकाच वेळी फुटली की त्या तरी कुठे कुठे पुरणार? शिवाय पऱ्हाटीच्या एकाच झाडावर फुटलेलं बोंड, हिरवं बोंड आणि फूल सोबत असतं. तीन-चार वेचे हातानेच करावे लागतात. ही माणसं आली नाहीत तर कापूस लोंबून मातीत पडतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तरी त्यांच्यासाठी गावात साधी पाण्याची सोय नाही. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही. सध्या मी घरच्या नळाचं पाणी ड्रमने वावरात नेऊन देतो.

आता अडचणी सांगतो.

पहिली रेशनची. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे कोणत्याही दुकानातून धान्य घेता येतं, आपल्या वाट्याचं इथे उचलून बाकीचं गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना घेता येतं, एवढं मला माहीत आहे. पण इथला दुकानदार आधी म्हणाला, कोटा कमी पडेल. बरंच समजावल्यावर त्याने मशीन पुढे केलं, तर सोबत नेलेल्या बाईचा अंगठाच जुळेना. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. दिवसभर वेचून त्या बाईच्या बोटांची सालं निघालेली, अंगठ्यावर आडव्या-उभ्या चिरा. तिने हात धुतला, पदराला पुसला, दुसरं बोट लावलं, काही उपयोग झाला नाही. अशा वेळी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी घेऊन धान्य देता येतं का? त्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा लागतो का? आणि बाहेरच्या कार्डांमुळे दुकानदाराला वाढीव धान्य खरंच मिळतं का? मिळत असेल तर त्याच्याशी भांडायची गरजच उरणार नाही.

दुसरी शाळेची. सोबत आलेली पोरं दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, धाकट्या भावंडांना सांभाळतात. शाळेत विचारलं तर, मूळ शाळेचं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या पोरांना त्यांची शाळा देते ते) आणलं नाही, असं उत्तर मिळालं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात कागदासाठी प्रवेश अडवता येत नाही असं मी वाचलंय. मग मुख्याध्यापकांना लेखी काय द्यावं? गावच्या शाळेतून ते कार्ड फोनवर मागवून घेता येतं का? ही पोरं घरी कोरकू बोलतात, मराठी जेमतेम समजते. कोणी शिक्षकाने अशा पोरांना वर्गात सामावून घेतलं असेल तर त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

विम्याचंही थोडं विचारतो. शेतकरी अपघात योजना सातबाऱ्यावाल्यांसाठी आहे, मजुराला त्यातून काही मिळत नाही. पंतप्रधान सुरक्षा विम्याचा वर्षाचा हप्ता 20 रुपये आणि संरक्षण 2 लाखांचं. तो मी भरायला तयार आहे, खाती धारणीच्या बँकेत आहेत. इथल्या शाखेतून फॉर्म घेतील का, की धारणीलाच जावं लागेल? पऱ्हाटीत साप निघतात, म्हणून घाई आहे.

आणि अंगणवाडी. आदिवासी क्षेत्रात गरोदर बायांना अमृत आहार योजनेतून एक वेळचं ताजं जेवण मिळतं. इकडे आल्यावर ते सुटतं. किमान इथल्या अंगणवाडीत नाव लागून कोरडा आहार, तपासणी आणि लस मिळावी. सेविका ताई चांगल्या आहेत, पण त्यांनाही नक्की सांगता येईना की नाव तिकडून वर्ग करून घ्यायचं की इथे नव्याने लावायचं. माता-बाल कार्ड सोबत आहे.

अंगणवाडीचं कोणाला माहीत असेल तर ते आधी सांगा, कारण त्यांच्यातल्या एका सुनेला सातवा महिना लागला आहे.