एनएफएसवर '७७७ मारा' म्हणणाऱ्यांसाठी

सर्व्हरशेजारी: काल इथे कुणीतरी सल्ला दिला की एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटून वापरायची पद्धत) शेअरवर 'परमिशन डिनाइड' आलं की चमॉड ७७७ (सगळ्यांना वाचायची, लिहायची, चालवायची मुभा) मारा, एक्सपोर्टमध्ये (सर्व्हरवरच्या शेअरच्या यादीत) नो_रूट_स्क्वॅश (क्लायंटच्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, शेअरवरही रूटच मानणं) टाका, विषय संपला. असले सल्ले देऊ नका! सेक=सिस (क्लायंट सांगेल ती ओळख मानायची पद्धत) असेल तर सर्व्हर परवानगी तपासतो ती फक्त यूआयडी-जीआयडीच्या, म्हणजे युजर आणि ग्रुपच्या, आकड्यांवर. एका मशीनवर १००१ म्हणजे सीमा आणि दुसऱ्यावर १००१ म्हणजे राहुल असेल, तर राहुल सीमाच्या फायली बिनदिक्कत उडवेल. आधी दोन्हीकडे आयडी कमांड चालवून आकडे ताडून बघा. जुळत नसतील तर यूजरमॉड -यूने युजरचा आकडा बदला, पण तो फक्त होममधल्या फायली आणि मेलबॉक्स यांचाच मालक बदलतो. बाकीच्या फाइंड -यूआयडीने शोधून चाउन (मालक बदलणारी कमांड) कराव्या लागतात. आणि नो_रूट_स्क्वॅशमुळे क्लायंटचा रूट शेअरवर सेटयूआयडी रूट फाइल (कुणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालणारी) ठेवू शकतो. नोसूइडशिवाय (सेटयूआयडी निकामी करणारा पर्याय) माउंट केलेल्या मशीनवर मग साधा युजरही रूट.

घाटमाथा: ७७७ चूकच. पण चार मशीनच्या ऑफिसला आकडे जुळवायचा उपद्व्याप कशाला? एक्सपोर्टमध्ये ऑल_स्क्वॅश, अनॉनयूआयडी=२०००, अनॉनजीआयडी=२००० (सगळ्या युजरना एकच २००० आकडा), मग यादी पुन्हा लागू करायला एक्सपोर्टएफएस -आरए. भांडण मिटलं.

सर्व्हरशेजारी: आणि फाइल कुणी बदलली हे कसं कळणार? मालक सगळीकडे २०००. रूटने आरसिंक -ए (मालकासकट फायली कॉपी करणं) चालवा, प्रत्येक चाउनला नकार येईल.

कोकणकडा: तुम्ही आकड्यांवर भांडताय, लोक अडतात उमास्कवर (नव्या फाइलच्या कोणत्या परवानग्या काढायच्या ते ठरवणारा आकडा). फोल्डर २७७० केलं (मालक आणि ग्रुपला सगळं, नव्या फाइलला फोल्डरचाच ग्रुप), ग्रुप वारशाने आला, पण उमास्क ०२२ म्हणून नवी फाइल ६४४ (लिहायचं फक्त मालकाला). सहकारी वाचतो, लिहू शकत नाही.

घाटमाथा: डिफॉल्ट एसीएल (फोल्डरमधल्या नव्या फायलींना आपोआप मिळणारी परवानग्यांची यादी) लावा ना. सेटफॅकल -डी -एम जी:टीम:आरडब्ल्यूएक्स. मग उमास्क लागतच नाही.

कोकणकडा: लोकल डिस्कवर! एनएफएस ४.० आणि ४.१ वर क्लायंट उमास्क लावूनच मोड पाठवतो. मास्क (एसीएलमधली ग्रुपची कमाल मर्यादा) नुसता वाचण्यापुरता उरतो, एसीएल दाखवणाऱ्या गेटफॅकलमध्ये 'इफेक्टिव्ह' आर-- दिसतं. ४.२ मध्ये उमास्क वेगळा जातो, तोही दोन्हीकडे कर्नल ४.१० किंवा पुढचा असेल तरच. एनएफएसस्टॅट -एमवर माउंटचं एनएफएस व्हर्जन न बघता इथे ठोकून देऊ नका.

घाटमाथा: ठीक, ४.१ चं मान्य. पण ऑल_स्क्वॅशमध्ये सगळे एकच मालक, तिथे ०२२ नेही काही अडत नाही. हे तुम्ही दोघंही टाळताय.

सर्व्हरशेजारी: चार मशीनपुरतं चालेल, पगारपत्रकं त्याच शेअरवर नसतील तर. पगारपत्रकं असतील तिथे ग्रुपच लागतात, आणि सेक=सिस १६ पेक्षा जास्त ग्रुप पाठवत नाही. सतराव्या ग्रुपचं फोल्डर उघडत नाही म्हणून ७७७ मारणारे आहेतच. सर्व्हरच्या एनएफएस.कॉन्फ फाइलमध्ये माउंटडी विभागाखाली मॅनेज-जीआयडीज=वाय करा. मग ग्रुप सर्व्हर स्वतः शोधतो, त्यामुळे ते युजर आणि ग्रुप सर्व्हरवरही हवेत.