प्रतिसाद: पुस्तकचर्चेचा तास ग्रंथपालांनीच घ्यावा

"ग्रंथपालांनी पुस्तकं द्यावीत-घ्यावीत, चर्चेचा तास मराठी विभागानं घ्यावा," असं विद्यापीठातल्या पुस्तकचर्चेच्या तासाबद्दल वर एकांनी म्हटलंय. पटलं नाही. विभागात गेलं की पुस्तकाचा पेपर होतो: आशयसूत्र, पात्रचित्रण, पाच गुणांची टीप. कोणतं पुस्तक पोरं खरंच नेतात आणि कोणतं तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का न पडता कपाटात पडून राहतं, हे देवघेवीच्या टेबलावरच कळतं.

खरी अडचण वेगळीच, प्रतींची. पुस्तकचर्चेचा विषय 2 श्रेयांकांचा (क्रेडिटचा) धरला तर 30 तास, त्यात चार पुस्तकं नीट होतील. पण वीस पोरांना वीस प्रती कुठून आणायच्या? ग्रंथालय सहसा एका पुस्तकाच्या दोन-तीन प्रती घेतं. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयानं कोल्हापुरातल्याच करवीर नगर वाचन मंदिराला, म्हणजे 1850 पासूनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला, हाताशी धरलं तर थोडंफार भागेल. नाहीतर सरळ कथासंग्रह घ्यावा. आठवड्याला एकच कथा, तीही तासातच मोठ्यानं वाचून. (घरून वाचून येतील ही आशा सोडा.)

आणि तास दुपारी चारच्या आत उरका राव. राधानगरी-गारगोटीकडची पोरं एसटीच्या वेळेकडं डोळा ठेवून बसतात. चर्चा रंगात आली की नेमकी सॅक उचलतात.